तुम्ही विचारलंत म्हणून: मी लिंक का पाठवत नाही

"सध्या कोण किती देतंय?" हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी येतो, आणि त्याला जोडूनच "तुमची लिंक पाठवा ना, दोघींनाही मिळतील" अशी विनंती येते. नवे खाते उघडल्याबद्दल, आणि आपल्या लिंकवरून दुसऱ्याने उघडल्याबद्दलही, गुंतवणुकीची ॲप्स जे शे-पाचशे रुपये देतात, ते मी अनेक वर्षे हौसेने गोळा केले, हे मी लपवलेले नाही. आता मात्र मी कोणालाही लिंक पाठवत नाही. "स्वतःचं झालं, आता दुसऱ्याला नको" असे माझ्याविषयी बोलले गेल्याचे परवा कानावर आले, म्हणून एकदाचे लिहून टाकते.

बोनस घेण्यात मला आजही पाप वाटत नाही. करसल्लागाराकडे हिशेब लिहिण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत, तेव्हा फुकट काय आणि विकत काय एवढे मला कळते. डीमॅट, म्हणजे शेअर्स ठेवण्याचे, खाते उघडल्याचे ३०० रुपये मिळाले आणि पुढच्या वर्षी देखभाल शुल्काचे ३०० अधिक जीएसटी असे ३५४ रुपये गेले, तर आपण चोपन्न रुपयांनी मागे असतो. त्यातही शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सुधारित नियमांनुसार सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअर्ससाठी मूलभूत डीमॅट खात्याला देखभाल शुल्क लागत नाही, परंतु ही सवलत एकच डीमॅट खाते असणाऱ्याला आहे. बोनसच्या मोहाने दुसरे खाते उघडले की पहिल्यावरची सवलतही जाते. शिवाय हा बोनस 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून विवरणपत्रात दाखवावा लागतो. मी दाखवते, माझ्याकडून लिंक नेलेल्यांपैकी कोणी दाखवला असेल असे वाटत नाही.

ग्राहकाला असे पैसे देणे काही नवे नाही. आमच्या लहानपणी विमा एजंट पहिल्या हप्त्यातले आपले कमिशन हळूच ग्राहकाच्या हातात ठेवत, आणि घरातली मोठी माणसे त्याला 'चांगला एजंट' म्हणत. विमा कायदा, १९३८ च्या ४१व्या कलमाने अशी सूट देण्यास मनाई आहे. म्युच्युअल फंडांच्या वितरकांनाही कमिशन गुंतवणूकदाराला परत देता येत नाही. ही मनाई मला बराच काळ ग्राहकाच्या तोंडचा घास काढण्यासारखी वाटत असे.

आता मुख्य गोष्ट. २०२३ च्या अखेरीस एका ॲपवर मी दहा हजार रुपये ठेवले. ते पी-टू-पी, म्हणजे व्यक्तीने व्यक्तीला कर्ज देण्याच्या प्रकारातले होते. रिझर्व्ह बँकेचा परवाना होता, व्याज बँकेच्या ठेवीपेक्षा बरेच अधिक होते, आणि हवे तेव्हा पैसे काढता येतील असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. ५०० रुपये बोनस मिळाला. तीन महिन्यांनी परीक्षा म्हणून सगळी रक्कम काढली, तर दुसऱ्या दिवशी व्याजासह खात्यात जमा. मी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिंक दिली.

यजमानांच्या आत्या साताऱ्याला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांची एक ठेव तेव्हाच मुदत भरून मोकळी झाली होती. त्यांनी दोन लाख रुपये ठेवले. बोनस त्यांनाही ५००, मलाही ५००. इथे साधा भागाकार करायला हवा होता आणि तो मी केला नाही: दहा हजारांवर पाचशे म्हणजे पाच टक्के, दोन लाखांवर पाचशे म्हणजे पाव टक्का. बोनसची रक्कम ठरलेली असते, आपण किती घालणार हे मात्र ठरलेले नसते.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने या व्यवसायाचे नियम कडक केले. कर्ज देण्याच्या या प्रकाराला हवे तेव्हा पैसे काढता येणारे किंवा मुदतीप्रमाणे खात्रीचा परतावा देणारे साधन म्हणून विकता येणार नाही, असे सांगितले गेले. त्यानंतर ॲपवर पैसे काढायला गेल्यास 'कर्जदार परतफेड करतील त्याप्रमाणे रक्कम मिळेल' एवढेच दिसू लागले.

आत्यांना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी पैसे हवे होते. त्यांच्या स्वयंपाकघरात, गळतीखाली ठेवलेल्या पातेल्याशेजारी बसून मी त्यांचा फोन हातात घेतला आणि कर्जांची यादी उघडली. दोन लाखांचे शेकडो तुकडे झाले होते: कोणाला २५०, कोणाला ५००, कोणाला ७५० रुपये. काही नावांपुढे 'थकीत' असे होते. आत्यांनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशी यादी वरून खाली वाचू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "ही माणसं कोण गं? यांना मी कधी पैसे दिले?" मी परवाना, नियम, दलालाची जबाबदारी असे काहीतरी समजावत राहिले. मग त्यांनी सहज विचारले, "तुला किती मिळाले होते?"

"पाचशे. तुम्हालाही मिळालेच होते," मी म्हणाले.

हे वाक्य मी का उच्चारले, ते मला अजून सांगता येत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी पातेले रिकामे केले.

पुढे वर्षभर तुकड्यातुकड्यांनी पैसे येत राहिले. १ लाख ७१ हजार आले, उरलेले थकले आहेत. गच्चीचे काम त्यांनी सोने गहाण ठेवून केले, आणि ते आम्हाला काम झाल्यावर कळले.

माझ्यातली जुनी हिशेबनीस अजूनही हुज्जत घालते. कर्जदार बुडाला तर नुकसान कर्ज देणाऱ्याचे, हे २०१७ च्या मूळ नियमांतही होते. आत्या सज्ञान आहेत, त्यांनी वाचायला हवे होते. पण मी स्वतः तरी कुठे वाचले होते? माझे दहा हजार एका दिवसात सुटले, ते कर्जदारांनी एका दिवसात फेडले म्हणून नव्हे. माझ्या वाट्याची कर्जे कोणा नव्या माणसाच्या पैशावर त्याच्या नावे चढली, म्हणून मी बाहेर पडले. अशी नवी माणसे सतत येत राहावीत यासाठीच तो बोनस होता, आणि माझा स्क्रीनशॉट ही त्याची फुकटची जाहिरात होती. हे मला कळले, तोवर आत्यांचे पैसे अडकून चार महिने झाले होते. हिशेब लिहिण्याची अठरा वर्षे इथे काही कामाला आली नाहीत.

तरीही मी सुधारले आहे, असे कोणी समजू नये. गेल्याच महिन्यात एका ठिकाणी मी स्वतःसाठी खाते उघडून बोनस घेतला. भाचीने विचारले, तेव्हा तिला ॲपचे नाव आणि शुल्काचा तक्ता पाठवला, लिंक पाठवली नाही. तिने थेट खाते उघडले आणि नव्या ग्राहकाला लिंकवरून मिळणाऱ्या ३०० रुपयांना ती मुकली. "मावशी, खातं तर मी उघडलंच. मग तुझ्या लिंक न देण्याने वाचलं कोण?" असे तिने मला विचारले आहे. तिला अजून मी उत्तर दिलेले नाही.