एंडोस्कोपी नॉर्मल, तरी घास अडकतोच: मॅनोमेट्री मिळवतानाचा माझा अनुभव

मला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे, म्हणजेच स्क्लेरोडर्मा: कातडी आणि आतले अवयवही ताठर करणारा आजार. बोटं पांढरी-निळी पडणं, कातडी ताठरणं, रक्ततपासण्या, ते सगळं वेळेत झालं. अडलं ते अन्ननलिकेपाशी.

घास छातीच्या मध्यावर थांबायचा. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. एंडोस्कोपी केली, रिपोर्ट नॉर्मल. रुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) लगेच मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी, लिहून दिली आणि तो फॉर्म तपासणी विभागाच्या खिडकीवरून परत आला. "एंडोस्कोपी नॉर्मल आहे ना, मग ही कशाला?" पुन्हा सही, पुन्हा रांग. पुढच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात कुणीतरी नुसतं 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं, म्हणून तो 'घाई नाही' म्हणून बाजूला पडला. रुमॅटॉलॉजीत विचारलं की गॅस्ट्रोकडे (पोटाच्या डॉक्टरांकडे) जा, गॅस्ट्रोकडे गेलं की रुमॅटॉलॉजीची चिठ्ठी आणा. तोवर माझं जेवण पातळ होत चाललेलं आणि वजन उतरत होतं. आजही आठवलं की संताप होतो.

कारण एंडोस्कोपीत दिसतं ते आतलं अस्तर: जखम, सूज, अरुंद झालेली जागा. या आजारात दुबळे होतात ते अन्ननलिकेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागातले स्नायू आणि तळाची झडप. त्यांचा जोर दाब मोजूनच कळतो. स्क्लेरोडर्मा असलेल्या बहुतेकांच्या अन्ननलिकेवर परिणाम होतो, काहींना तर त्रास जाणवतही नाही. म्हणजे नॉर्मल एंडोस्कोपी हे मॅनोमेट्री नाकारण्याचं कारण नाहीच, उलट तीच करायचं कारण आहे.

शेवटी डॉक्टरांकडून रकाना असा भरून घेतला: 'सिस्टेमिक स्क्लेरोसिस, घन पदार्थ गिळताना अडकतात, एंडोस्कोपीत अडथळा नाही, स्नायूंची हालचाल तपासावी.' त्यानंतर तारीख मिळाली. आजाराचं नाव फॉर्मवर पहिलं हवं, हे मी प्रत्येकाला सांगते.

तपासणी सुसह्य आहे. उपाशीपोटी जायचं. नाकातून बारीक नळी जाताना उमासे येतात, मग ते ओसरतात. आडवं झोपून 5 मिली पाण्याचा एकेक घोट, असे 10 घोट, मग बसून आणखी काही. निकाल: खालच्या भागात आकुंचन जवळपास नाही, झडप सैल. पडद्यावरच्या सपाट रेषा बघून मला हायसं वाटलं; त्रास खरा होता, त्याला नाव मिळालं.

हो, औषधांचं राहिलं. बोटांच्या रक्तप्रवाहासाठी निफेडिपिन हे औषध चालू असेल तर आधीच सांगा, त्यानं झडप आणखी ढिली पडते. 24 तासांची पीएच तपासणी (अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणारी) असेल तर आम्लाची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, तेही विचारा. मनानं काहीच बंद करू नका.

मायोसायटिस (स्नायूंना सूज येण्याचा आजार) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा घशाचे आणि वरच्या भागाचे स्नायू दुबळे होतात. पाणी नाकातून येतं, गिळताना ठसका लागतो. त्यासाठी बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव) गिळतानाचा चलत एक्स-रे जास्त उपयोगी पडतो.

आणि छातीचा सीटी स्कॅन आधी झाला असेल तर तो रिपोर्ट काढून पाहा. फुप्फुसांसाठी केलेल्या स्कॅनमध्ये 'अन्ननलिका रुंदावलेली, आत हवा' अशी एखादी ओळ असते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तशी ओळ सापडली तर तिच्याखाली रेघ मारून ते पान फॉर्मला जोडा.