इंटरव्ह्यू चांगला झाला होता

दुपारी स्वारगेटहून आलेली गाडी सातारा स्टँडला लागली की तिच्यातून एक तरी इस्त्रीचा शर्ट उतरतोच. इस्त्री पाठीवर मोडलेली, बगलेत बटणाची फाइल, कानाला फोन. "चांगला झाला. सगळं आलं. कळवतो म्हणालेत." क्रम इतका ठरलेला, की पलीकडचे प्रश्न ऐकू आले नाहीत तरी चालतं.

ती फाइल बघण्यासारखी असते. वर बायोडाटाच्या तीन प्रती, मग दहावीपासूनची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला, आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि शेवटच्या कप्प्यात पासपोर्ट फोटो, मागं पेननं नाव घातलेले. एका कप्प्यात दोन मार्कशीटं पाठीला पाठ लावून घालू नयेत. साहेबांनी मागितल्यावर एक ओढताना दुसरी टेबलाखाली जाते. खाजगी कंपनीत ही फाइल बहुतेकदा उघडतच नाहीत. तरी न्यायची. हात कुठं ठेवायचे हा प्रश्न तरी सुटतो.

पुण्यापलीकडं चाकणच्या कारखान्यात दहाची वेळ म्हणजे पहाटे पाचची गाडी. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत उजळणी, पुढं शिरवळपासून पोटात गोळा. आत गेल्यावर क्वालिटीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, पोराला विचारायचं ते विचारतातच. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यांत लहान माप? 0.02 मिमी. मायक्रोमीटरचा? 0.01. लाइनवर एक पार्ट खराब सापडला, काय कराल? हुशार पोरगं इथं फुलतं. आधी तो पार्ट बाजूला, मग शेवटच्या ओके तपासणीपासून पुढचा सगळा माल अडवून शंभर टक्के चेकिंग, मग कारणाचा शोध, पाच वेळा 'का' विचारत. आणि खराब पार्टला लाल टॅग: पार्ट नंबर, तारीख, नग आणि रिजेक्शनचं कारण. कारणाचा रकाना रिकामा सोडला तर ऑडिटर सोडत नाही. पॅनेल मान डोलावतं. पंधरा दिवसांनी याच पोराला मेल येतो, त्यात शुभेच्छा असतात. कारणाचा रकाना नसतो. पुष्कळदा मेलही येत नाही.

चांगला झाला हे आपण ठरवतो कशावरून? चहा दिला, प्लँट दाखवला, घरी कोण कोण असतं विचारलं, वर "जॉइन कधी करू शकाल?" हेही विचारलं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत फसवं. एचआरच्या कागदावर तो एक रकानाच असतो. गेटमधून आत आलेल्या प्रत्येकाला विचारतात. प्लँट दाखवतात कारण मोठे साहेब अजून मीटिंगमध्ये असतात. पाऊण तास चाललेल्या मुलाखतीचा तर भरवसाच धरू नये. खात्री पटली म्हणून वेळ दिला असेल, तसाच पटत नव्हती म्हणूनही दिला असेल.

खरी गोची बहुधा टेक्निकल राउंडच्या बाहेर होते. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आणि त्यांना माणूस पुढच्या महिन्यात हवा. पगाराचा आकडा त्या जागेच्या बँडच्या वर गेला, आणि घासाघीस करण्यापेक्षा पुढचा बायोडाटा उघडणं सोपं. जागा आतल्याच कुणासाठी ठरलेली, पण बाहेरचे दोघे बोलावल्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. किंवा इंटरव्ह्यू झाल्यावर वरून निरोप येतो, भरती होल्डवर. यातल्या एकाही कारणाचा मायक्रोमीटरशी संबंध नाही. पोरगं मात्र परतीच्या घाटात 'तो तिसरा प्रश्न' उगाळत बसतं.

सरकारी बाजूला निदान आकडा तरी कळतो. यूपीएससीत मुख्य परीक्षेचे 1750 आणि मुलाखतीचे 275. समोरच्या बोर्डाला मुख्य परीक्षेचे गुण माहीतच नसतात, त्यामुळं मुलाखत रंगली तरी लेखीची तूट तिथं कुणी भरून देत नाही. पण अंतिम निकालानंतर गुण जाहीर होतात. कितीनं गेलं ते डोळ्यांनी दिसतं. केंद्रानं 1 जानेवारी 2016 पासून क गट आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच काढून टाकल्या. तिथं आता "मुलाखतीत पाडलं" म्हणायची सोय राहिली नाही. ही सोय वाटते त्यापेक्षा मोठी होती.

खाजगीत करण्यासारखं थोडंच असतं, पण असतं. उठण्यापूर्वी विचारून घ्यायचं: निर्णय कधीपर्यंत, आणि चौकशी कुणाकडं करायची. विचारलेले प्रश्न परतीच्या गाडीतच वहीत उतरवायचे, घरी पोचेपर्यंत निम्मे विसरतात. संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा मेल. सांगितलेली तारीख उलटून आठवडा गेला की एक फोन, रोज नाही. कुठं कमी पडलो हे एचआरला विचारू नये, ते ठरलेलं वाक्य म्हणतात. टेक्निकल घेणाऱ्या साहेबांचा नंबर मिळाला असेल तर त्यांना विचारावं. कधीकधी ते खरं सांगतात. आणि ऑफर लेटर हातात पडेपर्यंत आहे त्या नोकरीचा राजीनामा तर नाहीच, कंदी पेढ्यांचा विषयही नाही. शेजारच्या काकू "पेढे कधी?" म्हणून विचारणारच, त्यांना तेवढंच काम.

नकार आला तरी नंबर डिलीट करू नये. पहिल्या पसंतीचा माणूस ऑफर घेतो, ती आपल्या जुन्या साहेबांना दाखवून पगार वाढवून घेतो आणि जॉइन होतच नाही. असं वरचेवर घडतं. मग महिना-दीड महिन्यानं दुसऱ्या नंबरला फोन जातो, एचआरवाला आधी ज्या आवाजात "कळवतो" म्हणाला होता त्याच आवाजात.

एक प्रश्न मात्र आपल्याकडच्या पोरांना हमखास येतो, आणि त्याचं बरोबर उत्तर कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. चाकणवाला विचारतो, "मूळ गाव सातारा? शेती आहे का?" आहे म्हटलं तर हा सुगीत रजा टाकणार. नाही म्हटलं तर आता लपवतोय. दीड एकर आहे, भाऊ बघतो, म्हटलं तर तो लिहून घेतो काहीतरी. तेच पोरगं साताऱ्याच्या एमआयडीसीत गेलं की तिथला साहेब म्हणतो, "पुण्याला का नाही ट्राय केलंत?" आणि खरं उत्तर दिलं, की घरचा डबा मिळतो, तर ते तोंडभर हसतात, चहा मागवतात आणि म्हणतात, कळवतो.