इसांडलवानाच्या माळावर

वाटाड्या आजोबांनी हात पुढे केला, ‘सावुबोना, बाबा.’ झुलू भाषेतही मोठ्या माणसाला मानानं बाबाच म्हणतात. मग मीही त्यांना बाबाच म्हणू लागलो.

दक्षिण आफ्रिकेत, झुलूंच्या मुलखात, इसांडलवानाचा डोंगर माळावर एकटाच उभा आहे. पायथ्याला गवतात चुन्यानं रंगवलेले दगडांचे ढीग, इंग्रजांच्या सैनिकांच्या कबरी. बघत होतो, पण डोक्यात सातारा होता. मी साताऱ्याचा. १८४८ मध्ये आमचे महाराज वारले, राज्य खालसा झालं, तेव्हा तिथला रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी, होता बार्टल फ्रेअर. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच फ्रेअरनं दक्षिण आफ्रिकेत येऊन डिसेंबर १८७८ मध्ये झुलूंचा राजा सेत्श्वायो याला निर्वाणीचा खलिता धाडला: तुमची सैन्यव्यवस्था मोडा, राज्यात इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्या. रेसिडेंट! हा शब्द साताऱ्याच्या माणसाला कसा बोचतो, ते बाबांना सांगितलं. ते नुसती मान हलवत राहिले.

राजानं ऐकलं नाही. लंडनची संमती नसतानाही ११ जानेवारी १८७९ ला फौजा झुलूलँडमध्ये शिरल्या.

२२ जानेवारीला इथे इंग्रजांची छावणी पडली होती आणि जवळच न्ग्वेबेनीच्या खोऱ्यात वीसेक हजार झुलू आवाज न करता बसून होते. बाबांनी काठीनं मातीत रेघा ओढून झुलू फौजेची बैलासारखी मांडणी दाखवली. मध्ये छाती, दोन्हीकडे शिंगं, मागे कंबर. भाले, ढाली, काहींच्या हातात जुन्या बंदुका. छाती समोरून गोळ्या झेलत राहिली आणि उजवं शिंग डोंगराला वळसा घालून छावणीच्या पाठीशी उतरलं. त्या दुपारी सूर्यग्रहणही होतं. इंग्रजांच्या बाजूचे १,३०० हून जास्त मारले गेले. झुलूही हजाराच्या खाली नाहीत. जुलैत उलुंडीला इंग्रज जिंकले, राजधानी जाळली. ऑगस्टमध्ये राजा पकडला गेला.

झुलू वीरांचं स्मारक इथे उभं राहायला १९९९ उजाडलं. शूरांच्या गळ्यातल्या माळेचं, ‘इझिकू’चं, ब्राँझचं शिल्प आहे. ‘कू’ म्हणताना बाबांची जीभ टाळूला टक् करून लागते. माळेचे मणी उन्हानं तापले होते. बाबांनी त्यातल्या एकावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी बूट काढून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.