जुन्या कौलांवरची कावी

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घराचं छप्पर उतरवून पत्रे घातले आणि परसात मंगळुरी कौलांचा ढीग लागला. भंगारवाला कौलं घेत नाही. मेस्त्री म्हणाला, "फोडून भरणीत घालूया." सासूबाईंनी हात आडवा केला. काही कौलांवर बासेल मिशनचा छाप आणि 1865 हा आकडा होता. ते या मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल तेवढं जुनं असेलच असं नाही.

बाहेरच्या खोलीची भिंत बोडकी होती. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की बाटल्यांची फुलं नि सीडींची तोरणं आठवतात. ती मला आवडत नाहीत. प्लास्टिकवर गोंद, रंग, चमकी थापली की ते वेगळं करणं मुश्कील होतं. म्हणजे कचरा तोच, साळगावच्या कचरा प्रकल्पात उशिरा पोचणार एवढंच.

मला कावी करायची होती. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते ती. तिथे पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात. माझ्याकडे तांबडं आयतंच होतं. म्हणून क्रम उलटा केला: वर चुना, कोरलं की कौल दिसेल.

आधी प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं ते घेतलं, बद्द वाजलं ते तुळशीच्या वाफ्याला. शेवाळ नारळाच्या सोडणाने घासून काढलं. भिजवलेला चुना दुकानातून आणला, बारीक वाळू बांधकामातली उरलेली होती. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात उडाला तर खेळ नाही.

खरी मेख पाण्यात आहे. कोरडं कौल चुन्यातलं पाणी शोषून घेतं आणि थर पिठासारखा झडतो. म्हणून कौल पाण्यात बुडवून काढायचं, ओलसर असतानाच ब्रशने पातळ हात द्यायचा, मग वाळू मिसळलेला थर थापीने. अंगठा दाबल्यावर चिकटेनासा झाला की कोरायला घ्यायचं. वर्तुळांना कंपास, बाकी सगळ्याला मोडक्या छत्रीची तार. सहा पाकळ्यांचं फूल कंपासने झटकन जमतं. मोराला मात्र जीव काढावा लागला. सासूबाईंच्या मते तो अजून कोंबडाच दिसतो.

कोरून झालेली कौलं उन्हात ठेवली नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला ओलही लागते. सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडलं. हे काम दिवाळीनंतरच काढावं. पावसाळ्यात कौल आतून सुकत नाही.

टांगायला भोकं पाडली नाहीत. छपरावर कौल पाठीच्या उंचवट्यांनी रिपेला, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीला, अडकतं, तसंच भिंतीवर अडकवलं. त्याच छपराच्या रिपा वापरल्या, वरून सुरक्षेला तार. एकेक कौल दोन किलोंहून जड भरतं आणि चिऱ्याची भिंत भुसभुशीत असते, तेव्हा रिपा मेस्त्रीकडूनच लांब स्क्रूने ठोकून घ्या. वार्निश लावलेलं नाही. धूळ कोरड्या ब्रशने झटकते, ओलं फडकं लावत नाही.