शिसपेन्सिलीची चिठ्ठी

आठवीत असताना मी कंपासपेटीत एक भुंगा घालून वर्गात आणला होता. हिरवागार, पितळेसारखा चमकणारा. पुढच्या बाकावर किंकाळी उठावी, एवढाच माफक हेतू. विज्ञानाच्या बाईंनी पेटी ओढून घेतली, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “कुठे सापडला? कधी? कशावर बसला होता?” मला एकाचंही धड उत्तर देता येईना. “मग हा नुसता मेलेला किडा आहे रे,” बाई म्हणाल्या. त्यापेक्षा छडी परवडली असती.

पुढे मी हिशेबनीस झालो. किड्यांचा नाद सुटला नाही, म्हणून एका संशोधकांसाठी सुट्टीच्या दिवशी कोळी गोळा करू लागलो. पहिल्याच झपाट्यात सात कुप्या पाठवल्या. सत्तर टक्के अल्कोहोल, आत नमुना, शेजारी चिठ्ठी, सगळं शिस्तीत. चिठ्ठ्या मात्र बॉलपेनने लिहिलेल्या! शाई विरघळली आणि त्यांच्या हाती सात निळसर कुप्या पडल्या. “शिसपेन्सिल वापरत जा,” एवढंच ते फोनवर म्हणाले. मला ऐकू आला तो बाईंचा आवाज.

पुढच्या खेपेला चिठ्ठ्या शाबूत राहिल्या, पण कोळीच अल्पवयीन निघाले. रंगावरून कोळ्याची प्रजाती सहसा ठरत नाही. नराचे पाल्प, म्हणजे तोंडाशेजारचे आखूड पायांसारखे अवयव, आणि मादीची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, आणि ती पूर्ण घडतात प्रौढपणीच. (शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात हे छापतील अशी आशा आहे.) मग भिंतीवरचा एक अर्धवट वाढलेला नर बरणीत ठेवून माश्यांवर पोसला. एका रात्री तो उलटा लटकला. पाठीचं कवच डबीच्या झाकणासारखं उचललं गेलं आणि हातमोज्यातून बोटं सोडवावीत तसे आठही पाय तो थोडेथोडे बाहेर ओढू लागला. मध्येच थांबायचा, दम खाल्ल्यासारखा. मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटी खाली नवा, फिकट, ओलसर कोळी आणि वर त्याचीच पोकळ प्रतिकृती. ती कातही मी चिठ्ठीसह पाठवली.

आज जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि अजून भर पडतेच आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावं निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. कोळ्यांची मात्र एक वर्ष आधीपासून, कार्ल क्लर्क या स्वीडिश माणसाच्या १७५७ च्या ग्रंथापासून. हा क्लर्क स्टॉकहोमच्या नगरप्रशासनात नोकरी करायचा. लिनियसच्या आधी एका कचेरीतल्या माणसाचा नंबर लागला, याचा मला हिशेबनीस म्हणून उगाचच अभिमान वाटतो.

परवा महोत्सवाच्या बैठकीसाठी शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीत एक मुंगी चालली होती, पण चाल जरा अडखळती. वाकून पाय मोजले. आठ! एका विद्यार्थिनीकडून पेन्सिल मागून घेतली आणि बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेमागे लिहिलं: “प्रयोगशाळेची खिडकी, आतली बाजू, सकाळ. मुंगीसारखा कोळी, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले. जबडे लांब, म्हणजे प्रौढ नर. पकडला नाही, कुपी घरी राहिली.”