पिनाटुबो आणि पावसाला घाबरणारी मुलं

फिलिपिन्समध्ये मनिलाहून उत्तरेला निघालं की पाम्पांगा प्रांत लागतो. सपाट भातशेती, मधूनच करड्या वाळूने भरलेली नदीची रुंद पात्रं. ही वाळू म्हणजे पिनाटुबो ज्वालामुखीची राख. आमचा ड्रायव्हर इथलाच, बकोलोरचा. उद्रेक झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

तोवर तो डोंगर ज्वालामुखी आहे हे त्याच्या घरी कुणाच्या गावीही नव्हतं. आधीचा उद्रेक पाचशे वर्षांपूर्वीचा, मग कोण लक्षात ठेवणार? १५ जून १९९१ला भरदुपारी मिट्ट काळोख झाला आणि नेमकं त्याच दिवशी युन्या वादळ येऊन थडकलं. राख पावसात भिजून ओल्या सिमेंटसारखी छपरांवर साचत गेली. त्या दिवशी गेलेली बहुतेक माणसं अशाच खचलेल्या छपरांखाली गेली. याचे वडील फावडं घेऊन पत्र्यावर चढले होते, आई जपमाळ ओढत होती आणि हा खाली कंदील धरून उभा. वडिलांचं फावडं पत्र्यावर खरवडल्याचा आवाज येतोय तोवर ते वर आहेत, एवढंच त्याला कळत होतं.

शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिल्यामुळे हजारो जीव वाचले, हे खरंच मोठं काम. पण आमच्या ड्रायव्हरची खरी भीती पुढच्या पावसाळ्यांची. डोंगरउतारावर साचलेली राख दर पावसात चिखलाचा लोंढा होऊन खाली यायची. त्याला लाहार म्हणतात. १९९५च्या ऑक्टोबरात लाहारने बकोलोर गाडलं. मी कोकणात वाढले. आभाळ भरून आलं की आम्ही अंगणात धावायचो. इथली मुलं तेव्हा गाठोडी बांधायची.

बकोलोरचं सान ग्विलेर्मो चर्च सुमारे सहा मीटर गाडलं गेलं. गावकऱ्यांनी ते सोडलं नाही. वेदी खणून वर काढली, नवी जमीन केली. आत उभं राहिलं की छत फारच जवळ वाटतं, आणि एके काळी उंचावर असलेल्या खिडक्यांतून माणसं ये-जा करतात. भिंतीच्या खाचेत बोट फिरवलं तर करडी, खरखरीत राख हाताला लागली.

पर्यटक विवरातला निळा तलाव बघून परततात. तलाव सुंदरच आहे, पण वाट वाकडी करून बकोलोरला जरूर जा. आणि सोबत स्थानिक माणूस घ्या, चाळिशीच्या पुढचा.