निळसर ऑर्ब्युलिना

एका ऑर्ब्युलिनानं, वाळूच्या कणाएवढ्या गोल जीवाश्म कवचानं, मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

काम रोजचंच होतं. मातकट चुनखडकाचा नमुना भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वर उरलेलं वाळवून काळ्या ताटलीत पसरायचं आणि ब्रशच्या ओल्या टोकानं फोरॅमिनिफेराचं, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांचं, एकेक कवच उचलायचं. उघड्या डोळ्यांना सगळी बारीक वाळूच. भिंगाखाली मात्र कप्प्याला कप्पा जोडलेला, अंगभर छिद्रं. मला अजूनही पहिल्या नजरेला धस्स होतं.

या नमुन्यात पॅराग्लोबोरोटालिया ओपिमाची कवचं शेकड्यांनी होती. ही प्रजाती साधारण २.७ कोटी वर्षांपूर्वी संपली, म्हणजे खडक त्याआधीचा. आणि त्यांच्याच मधे हा गोल मणी! ऑर्ब्युलिनाचा शेवटचा कप्पा आधीच्या सगळ्यांना पोटात घेतो, त्यामुळे ओळखण्यात चूक शक्य नव्हती. पण ऑर्ब्युलिना अवतरली सुमारे १.५ कोटी वर्षांपूर्वी.

इथे बहुमत चालत नाही. जुन्या खडकातली कवचं झिजून सुटतात, वाहत जाऊन नव्या गाळात बसतात. उलटं होत नाही. म्हणून थराचं वय त्यातल्या सर्वांत नव्या कवचावरून धरायचं. बोअरहोलमधून वर येणाऱ्या चुऱ्यात वरच्या थरांचे तुकडे खाली ढासळलेले असतात, तिथे आम्ही नव्या कवचांवर विसंबत नाही. एखादी प्रजाती सर्वांत वर कुठे सापडते ते पाहतो. पण माझा नमुना अखंड गाभ्यातून, म्हणजे बोअरहोलमधून सलग काढलेल्या खडकाच्या दंडातून, कापलेला होता. ती पळवाट नव्हती.

हा मणी खरा असता तर माझी सगळी जुळणी कोसळत होती. हा चुनखडक मी दुसऱ्या बोअरहोलमधल्या काळ्या पंकाश्माशी, म्हणजे चिखलाच्या खडकाशी, एकाच काळाचा म्हणून जोडला होता. रंग वेगळा, पोत वेगळा, पण दोन्हींत ओपिमा. एकाच काळात किनाऱ्यालगत वाळू साचते, आत समुद्रात चिखल, त्यामुळे खडकाच्या रूपावरून समकालीन थर ओळखता येत नाहीत. तरंगणारे फोरॅम मात्र प्रवाहांबरोबर दूरदूर पसरतात, मरून दोन्हीकडे तळाशी जातात. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर.

तिसऱ्या दिवशी दिव्याचा कोन बदलून तो मणी पुन्हा पाहिला. छिद्रांच्या कडांना फिकट निळी झाक होती. प्रत्येक नमुन्याआधी चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवतात, ती याचसाठी: आधीचं काही अडकून राहिलं असेल तर ते रंगतं. आदल्या दिवशीचा नमुना बऱ्याच नव्या थराचा होता, ऑर्ब्युलिनांनी भरलेला. जाळीच्या कडेच्या सांध्यात एक राहून गेली होती.

गाभ्याचा उरलेला तुकडा दुसऱ्या चाळणीवर धुतला. ओपिमाच ओपिमा. गोल मणी एकही नाही. वही उघडून चुनखडकापासून पंकाश्मापर्यंतची पेन्सिलीची रेघ शाईनं गिरवली.